खेळाचें मैदान आणि खेळणाराचा वेळ

खेळ हा रिकामपणाचा उद्योग आहे अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. तींत मुळींच तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ज्याला रिकामपण आहे त्यालाच खेळाची भूक लागते आणि ज्याला तें नाहीं त्याची भूक आपोआप मरते, अशी कांहीं मनुष्यस्वभावाची घडण नाहीं. उलट दिवसभर ज्याच्या पाठीशीं काम लागलेलें असतें त्यालाच घटकाभराच्या खेळाची किंमत अधिक कळते. अडचण असते ती वेळाची. खेळ चार तासांचा आणि मोकळीक तासाभराची, अशी विसंगति उत्पन्न झाली म्हणजे दोहोंपैकीं एक गोष्ट व्हावयाची. खेळणाराला खेळ सोडून द्यावा लागेल, किंवा खेळाला आपलें माप बदलावें लागेल. गोल्फ नांवाच्या खेळांत हा प्रश्न हल्लीं उघडपणें उभा राहिला असून, अगदीं लहानशा मैदानावर तासाभरांत संपणारा डाव खेळण्याकडे कामांत गुंतलेल्या लोकांचा ओढा दिसूं लागला आहे. या ओढ्यास कांहीं जुने रसिक खेळाची अवनति म्हणतात. ती खरोखरच अवनति आहे काय, हें इतिहासाच्या साहाय्यानें पाहावें, आणि तें पाहतांना कऱ्हा व नीरा या नद्यांच्या कांठच्या आमच्या कऱ्हाटी मुलखास त्यांतून कांहीं घेण्यासारखें आहे काय याचाहि विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. विटीदांडूसाठीं मुलें जमिनींत खळगा उकरतात, तसाच परंतु नीट बांधून काढलेला एक खळगा गुळगुळीत हिरवळीवर असतो. दूरच्या ठरलेल्या जागेवरून लहान कठीण चेंडू काठीनें मारीत मारीत त्या खळग्यांत घालावयाचा, आणि तें काम जितक्या कमी टोल्यांत साधेल तितकें चांगलें. असे अठरा खळगे क्रमानें पुरे केले म्हणजे एक डाव संपतो. चेंडू मारावयाची जागा व खळगा यांतलें अंतर कोठें दीडशें यार्ड, तर कोठें पांचशें यार्डांच्याहि वर असतें. यामुळें अठरा खळग्यांच्या मैदानाला सव्वाशें-दीडशें एकर जमीन सहज लागते, आणि एक डाव पुरा करावयास चार-साडेचार तास जातात. घरून निघणें, पोहोंचणें, परत येणें हें धरलें तर सबंध अर्धा दिवस गेला असें समजावें.

ही अठराची संख्या ऐकून कोणासहि वाटेल कीं, अठरा पुराणें किंवा गीतेचे अठरा अध्याय यांप्रमाणें गोल्फच्याहि मुळाशीं कांहीं शास्त्रसंकेत असावा. वस्तुतः तसा कांहीं प्रकार नाहीं. या खेळाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सांपडतो तो त्याच्या मनाईचा. स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें १४५७ सालीं फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांस बंदी केली. कारण लोक तिरंदाजीचा सराव टाकून या खेळांच्या नादीं लागतात अशी राज्यकर्त्यांची तक्रार होती. म्हणजे हा खेळ आणि माणसाचा वेळ यांचें भांडण साडेपांचशें वर्षांहून जुनें आहे. पुढें १७४४ सालीं एडिंबरोजवळच्या लीथ येथें या खेळाचे तेरा नियम प्रथम लिहून काढण्यांत आले. त्या तेरा नियमांत खळगे किती असावेत याचा निर्देशच नाहीं. आणि लीथच्या त्या मैदानावर त्या वेळीं खळगे होते अवघे पांच!

अठराची कथा सेंट अँड्र्यूज या गांवची आहे. समुद्रकांठच्या चिंचोळ्या पट्टींत जातांना अकरा खळगे खेळावयाचे व त्याच वाटेनें परत येतांना तेच अकरा पुन्हा खेळावयाचे, असा तेथला बावीस खळग्यांचा डाव होता. १७६४ सालीं तेथील मंडळींनीं आरंभीचे चार खळगे मोडून त्यांचे दोन केले. जातांना दोन कमी झाले, येतांना दोन कमी झाले, आणि बावीसांचे अठरा उरले. पुढें त्या गांवचें वजन वाढलें, इतरांनीं त्याचें अनुकरण केलें, व एका गांवच्या जमिनीची सोय हा साऱ्या जगाचा शिरस्ता बनला. परंतु हें घडावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. ज्या स्पर्धेस आज या खेळाचें माहेर समजतात ती १८६० सालीं प्रेस्टविक येथें प्रथम झाली. तेथें मैदान बारा खळग्यांचें होतें. आठ खेळाडूंनीं एकाच दिवसांत त्याला तीन फेऱ्या घातल्या, आणि १७४ टोल्यांत छत्तीस खळगे पुरे करून विली पार्क हा विजयी झाला. हीच स्पर्धा १८७४ पासून १८८९ पर्यंत सहा वेळां मसलबर्ग येथें भरली. आणि मसलबर्गचें मैदान नऊच खळग्यांचें होतें. तेव्हां पांच, नऊ, बारा, अठरा, बावीस यांपैकीं कोणत्याहि संख्येला दुसरीस अपुरी म्हणण्याचा अधिकार इतिहासानें दिलेला नाहीं. जमीन जेवढी होती तेवढा खेळ होता. आणि जेवढा होता तेवढा तो पुरा होता.

आंखूड मैदानाच्या इतिहासांत याहून मनोरंजक, परंतु वाचून थोडी लाजहि वाटावी, असें एक प्रकरण आहे. त्याच सेंट अँड्र्यूज गांवीं १८६७ सालीं स्त्रियांचा स्वतंत्र गोल्फ क्लब निघाला. मोठें मैदान पुरुषांचें. स्त्रीनें काठी खांद्याच्या वर उगारून जोरानें टोला मारणें हें त्या काळच्या शिष्टाचारास मुळींच मानवण्यासारखें नव्हतें. मग त्यांना काय मिळालें, तर वाळूच्या टेकाडांमधला उंचसखल असा एक लहान तुकडा. तेथें केवळ हलक्या हातानें चेंडू ढकलून खळग्यांत घालावयाचा. टॉम मॉरिस या प्रसिद्ध जाणत्यानें तो तुकडा आंखून दिला. त्यावरच्या चढउतारांमुळें लोक त्याला ‘हिमालय’ म्हणूं लागले, आणि हें नांव आजतागायत टिकलें आहे. ज्यांना खेळाच्या बाहेर ठेवावयाचें त्यांच्या हातीं समजुतीदाखल दिलेला हा तुकडा! परंतु परिणाम असा झाला कीं, तें मैदान दीडशें वर्षांहून अधिक काळ गजबजलेलें राहिलें. आज तेथें थोडें शुल्क भरून कोणीहि खेळूं शकतो. आजोबा आणि नात एका डावांत, एका पायरीवर, उभीं राहूं शकतात. मोठ्या मैदानावर हें साधत नाहीं. कारण तेथें आजोबांचा टोला पोहोंचत नाहीं व नातीला काठी पेलत नाहीं. मैदान लहान झालें तेव्हां खेळणारांचें वर्तुळ मोठें झालें, ही गोष्ट येथें प्रथम स्पष्ट दिसली.

हिंदुस्थानांत हा खेळ इंग्रजांबरोबर आला. १८२९ सालीं कलकत्त्यास निघालेला गोल्फ क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना समजला जातो. मुंबईस १८४२ सालीं असा क्लब निघाला. पुढें पुण्यास, घाटावरच्या थंड हवेच्या ठिकाणीं व लष्करी छावण्यांतूनहि मैदानें झालीं. या साऱ्या प्रकारांत साहेबाचा वेळ हा कधींच अडचणीचा विषय नव्हता. कचेरीचें काम दुपारीं आटोपे, घरचें काम करण्यास नोकरांचा ताफा असे, आणि सरकारी जमीन हवी तेवढी असे. काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन साहेबामागून चालणारा पोऱ्या मात्र त्याच गांवचा असे. साहेबाच्या चार तासांबरोबर त्याचेहि चार तास जात. साहेबाचे खेळांत जात, त्याचे पोटासाठीं जात. लांब मैदानाच्या रसिकतेचा हिशेब मांडतांना हे दुसरे चार तास सहसा कोणी जमेस धरीत नाहीं.

मुंबईंत मात्र जमिनीनें आपली अडचण लौकरच पुढें केली. लॉर्ड विलिंग्डन हे मुंबईचे गव्हर्नर असतांना त्यांच्या नांवाचा जो क्लब निघाला तो युरोपियन व हिंदी अशा दोघांसहि खुला होता, म्हणून त्याची आठवण पुष्कळांस असते. परंतु त्याची दुसरीहि एक विशेषता आहे. शहराच्या भरवस्तींतल्या मर्यादित जागेंत अठरा खळगे बसवावयाचे म्हणून तेथें अंतरें आंखूड ठेवावीं लागलीं, आणि सरासरी मैदानापेक्षां तेथला डाव कमी टोल्यांत व कमी वेळांत संपूं लागला. ज्यांना लांब टोल्यांची हौस होती त्यांच्यासाठीं शहराबाहेर चेंबूरला १९२७ सालीं मोठें मैदान झालें. दोन्हीं मैदानें टिकलीं. एकाच शहरांत लांब व आंखूड हीं शेजारीं शेजारीं सुखानें नांदूं शकतात, एवढें तरी यावरून सिद्ध होतें.

आतां आंखूडपणाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. अमेरिकेंत लुकआउट नांवाच्या डोंगरावर गार्नेट कार्टर या गृहस्थाचें विश्रामगृह होतें. त्यानें १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं अगदींच चिमुकलें मैदान तयार केलें, आणि अंगठ्याएवढ्या मनुष्याची जी कथा इंग्रजींत आहे तिच्यावरून त्याला ‘टॉम थंब’ असें नांव दिलें. हिरवळीच्या जागीं सरकीच्या टरफलांचा दाबून बसविलेला थर, मध्यें पोकळ ओंडके, नळ्या, खेळण्यांतल्या परी आणि बुटके. १९३० सालीं या प्रकारानें सबंध देश वेडा झाला. मंदीचे दिवस होते. लोकांच्या हातीं पैसा थोडा होता. थोड्या पैशांत संध्याकाळ घालविण्याचें हें साधन हजारों ठिकाणीं, शहरांतल्या इमारतींच्या गच्च्यांवरसुद्धां, उभें राहिलें. आणि एकदोन वर्षांतच तें जितक्या झपाट्यानें वाढलें होतें तितक्याच झपाट्यानें ओसरलें. याचें कारण आमच्या मतें असें आहे कीं, तेथें मैदानाबरोबर खेळाचा जीवहि आंखूड झाला होता. ओंडक्याच्या भोकांतून चेंडू गेला याची गंमत पहिल्या दिवशीं वाटते, दहाव्या दिवशीं वाटत नाहीं. कारण त्यांत शिकण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. सेंट अँड्र्यूजचा ‘हिमालय’ याहून लांब होता असें नाहीं. परंतु तेथें जमिनीचा खरा उतार होता, वारा खरा होता, आणि हाताला रोज नवें कांहीं शिकावें लागत होतें. एक टिकला, दुसरा ओसरला. आंखूडपणा हा गुण किंवा दोष नसून ती एक अट आहे; त्या अटींत काय वांचविलें व काय टाकलें यावर सारें अवलंबून आहे.

गोल्फमध्यें वांचविण्यासारखें काय आहे, याचें उत्तर त्या खेळाच्या हिशेबांतच आहे. अठरा खळग्यांसाठीं साधारणतः बहात्तर टोल्यांचें प्रमाण धरतात. या प्रमाणांत प्रत्येक हिरवळीवर पोहोंचल्यानंतरचे दोन टोले गृहीत धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे प्रमाणांतले बरोबर निम्मे टोले शेवटच्या कांहीं पावलांत खर्ची पडतात. हिरवळीच्या आसपासचे बेताचे उंच टोले यांत मिळविले तर खेळांतल्या कसबाचा मोठा भाग शंभर-सव्वाशें यार्डांच्या आंत येतो. उरलेल्या तासांत मनुष्य मुख्यतः चालतो, वाट पाहतो आणि हरवलेला चेंडू शोधतो. हल्लींचीं आंखूड मैदानें हाच हिशेब ओळखून आंखलेलीं आहेत. अमेरिकेंतील पाइनहर्स्ट येथें २०१७ सालीं ‘क्रेडल’, म्हणजे पाळणा, या नांवाचें नऊ खळग्यांचें मैदान झालें. त्याची एकंदर लांबी ७८९ यार्ड. क्षेत्र सुमारें दहा एकर. मोठ्या मैदानावरचे दोन लांब खळगे एकापुढें एक ठेवले तर ही लांबी भरून निघते. तेथें दोन-तीन काठ्या घेऊन मनुष्य तासाभरांत डाव पुरा करतो, आणि त्या तासांत अनुभवी खेळाडूचेंहि कसब पणाला लागतें. शिवाय २०२० सालापासून खेळाडूंचें कसब मोजण्याची जी एकच पद्धति जगभर चालू झाली तींत नऊ खळग्यांच्या डावाचा हिशेबहि मान्य आहे. लीथच्या पांच खळग्यांपासून निघालेला खेळ असा फिरून आपल्या मूळ मापाजवळ येत आहे.

कोणी म्हणेल, ही साहेबी खेळाची वार्ता. तिचा आम्हांस काय उपयोग? उपयोग इतकाच कीं, हें वेळाचें गणित प्रत्येक खेळाला केव्हां तरी सोडवावें लागलें आहे. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें क्लाइन आणि आसिकाइनेन या दोन मल्लांची कुस्ती अकरा तास चाळीस मिनिटें चालली. क्लाइन जिंकला खरा, परंतु तो इतका गळून गेला कीं अंतिम कुस्तीसाठीं त्याला उभेंच राहतां आलें नाहीं. १९३९ सालच्या मार्चमध्यें दरबान येथें इंग्लंड व दक्षिण आफ्रिका यांच्यांत मुदतीची मर्यादा नसलेला क्रिकेटचा सामना झाला. दहा दिवस गेले. इंग्लंडला जिंकावयास ६९६ धांवा हव्या होत्या. ६५४ झाल्या, पांच गडी शिल्लक होते, आणि तेवढ्यांत परतीच्या बोटीची वेळ झाली म्हणून सामना तसाच टाकून खेळाडूंना निघावें लागलें. खेळानें आपली मर्यादा आपण घालून घेतली नाहीं कीं बाहेरची मर्यादा येऊन त्याला मध्येंच तोडते, हें या दोन उदाहरणांवरून शिकावें. क्रिकेटनें हा धडा सावकाश घेतला. १९७१ सालच्या ५ जानेवारीस मेलबर्न येथें पावसानें बुडालेल्या कसोटीच्या बदलीं पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला. आणि २००३ सालीं इंग्लंडांत वीस षटकांचा सामना निघाला तो मुख्यतः काम आटोपून संध्याकाळीं मोकळें होणाऱ्या प्रेक्षकांसाठीं. कसोटी सामने त्यामुळें मेले नाहींत.

आमच्या कुस्तीचीहि हीच कथा आहे. गांवच्या जत्रेंत हलगीच्या ठेक्यावर तांबड्या मातींत होणारी निकाली कुस्ती आम्ही पाहत आलों. पाठ लागेपर्यंत ती चालावयाची. तिला घड्याळ ठाऊक नव्हतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला गेले तेव्हां मातींतल्या या मल्लाला गादीवर, परक्या नियमांनीं व मोजक्या मिनिटांत लढावें लागलें. ते सहावे आले. परंतु चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकीस त्यांनींच त्या गादीवर कांस्यपदक मिळविलें. मुदतींत लढण्याची विद्या निराळी आहे, ती हलकी नाहीं, हें त्यांच्या चार वर्षांच्या तपश्चर्येनें दाखविलें. आज ऑलिंपिक कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत संपते. आणि मातींतल्या निकाली कुस्त्याहि जत्रांतून होतच आहेत.

आणि आंखूड मैदानाचा आदर्शच पाहावयाचा असेल तर परदेशांत जाण्याचें कारण नाहीं. आपला खो-खो पाहावा. १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें त्याचे नियम बांधण्यास प्रारंभ केला. सुमारें सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद एवढीच त्याची जागा. शेतकऱ्याच्या भाषेंत सवाचार गुंठे. पाठलाग नऊ मिनिटांचा, पळती नऊ मिनिटांची. दोन खांबांखेरीज साहित्य नाहीं. २०२२ सालीं निघालेल्या व्यावसायिक स्पर्धेंत तर खेळाडू सात व पाळी सात मिनिटांची झाली. २०२५ सालच्या जानेवारींत दिल्लीस या खेळाचा पहिला विश्वचषक झाला. त्यांत हिंदुस्थानच्या पुरुषांनीं व स्त्रियांनीं दोन्हीं चषक जिंकले, आणि प्रतीक वायकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. सवाचार गुंठ्यांतला व नऊ मिनिटांचा म्हणून हा खेळ कोणी अपुरा समजत असेल, तर त्यानें एकदां त्यांत उतरून पाहावें.

आतां कऱ्हाटीकडे वळूं. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेंतले. वर्षाकांठीं पाऊस जेमतेम पांचशें मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतल्या मोठ्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा या मुलखांतून आला आणि कोरडवाहू जमिनींत ऊंस उभा राहिला. परंतु पाण्याची वांटणी ही आरंभापासून तंट्याची बाब होती. ज्या गांवांस पाणी सोयीचें होतें तेथें उंसाला मनमुराद पाणी मिळे व जमिनी चिबड होत; दूरच्या गांवांचीं तोंडें कोरडींच राहत. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे मुंबई इलाख्यांत इंजिनिअर असतांना त्यांनीं याच कालव्यावर ब्लॉकपद्धति सुचविली. गांवोगांव जमिनीचे ठरावीक गट पाडावे, त्यांतल्या सुमारें एक तृतीयांशांतच ऊंस घ्यावा, बाकीच्यांत कमी पाण्याचीं पिकें घ्यावीं, आणि प्रत्येक गटास पाळीनें ठरल्याप्रमाणें पाणी द्यावें, असें तिचें स्वरूप होतें. पाणी तेवढेंच राहिलें. माप लहान केलें. आणि घेणारीं गांवें वाढलीं. आंखूड मैदानाचें तत्त्व याहून निराळें नाहीं. वेळ आणि जमीन हींसुद्धां कालव्याच्या पाण्यासारखीं मोजकीं आहेत. एकानें मनमुराद घेतलीं कीं दुसऱ्याचा भाग कोरडा पडतो.

याच पाळीच्या पाण्यानें येथल्या माणसाचें घड्याळहि ठरविलें आहे. पाळी रात्रीं दोन वाजतां आली तर दोन वाजतां उठून दारें धरावीं लागतात. कारखान्याचा हंगाम चालू झाला म्हणजे तोडणीच्या टोळ्या पहांटेच्या अंधारांत फडांत शिरतात, आणि त्या टोळींतल्या बाईला तोडणीच्या आधीं व नंतर चूल असतेच. मुंबई-पुण्याचा मनुष्य वेळ नाहीं म्हणतो तेव्हां त्याचा वेळ त्यानें स्वतः कोठें तरी बांधलेला असतो. या मंडळींचा वेळ दुसऱ्यांनीं बांधलेला आहे. म्हणून तासाभराच्या खेळाची खरी गरज कोणाला आहे असें विचारल्यास आम्ही क्लबांतल्या व्यापाऱ्याच्या आधीं यांचें नांव घेऊं. सव्वाशें एकरांचें मैदान म्हणजे पांच हजार गुंठे; तितक्या जागेंत खो-खोचीं हजारांहून अधिक क्रीडांगणें बसतात. पांचशें मिलिमीटर पावसाच्या मुलखांत पांच हजार गुंठे हिरवळ बारमास ओली ठेवणें हें शहाणपणाचें आहे काय, याचा निवाडा वाचकांनींच करावा. पण दहा एकरांच्या आंत, किंवा गांवच्या शाळेजवळच्या दहा गुंठ्यांत, पुरा खेळ होतो हें एकदां मान्य केलें म्हणजे प्रश्नाचें सारें स्वरूपच पालटतें.

लांबीचा अभिमान असणारे रसिक यावर एक आक्षेप घेतील, आणि तो बिनतोड नसला तरी विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतील कीं, लांब डावांतच धीर, थकवा, नशिबाची उलथापालथ आणि तिच्यातून सावरणें हे अनुभव येतात. तासाभराच्या खेळांत ते कोठून येणार? हें खरें आहे, आणि म्हणूनच लांब मैदानें नाहींशीं करावीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आंखूड वस्तु ही लांब वस्तूचा तोडलेला तुकडाच असली पाहिजे, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. तुकोबांची पालखी आमच्या मुलखांतून जाते तेव्हां इंदापूर तालुक्यांत बेलवाडीस गोल रिंगण होतें. आठवडे लागणाऱ्या त्या वाटेंत रिंगण तें कितीसें? घोडे धांवतात, पताकावाले धांवतात, तुळशीवाल्या धांवतात, आणि थोड्याच वेळांत सारें आटोपून पालखी पुढें निघते. पण तेवढ्या वेळांत तेवढ्या वर्तुळांत जें घडतें तें पाहून कोणीहि अर्धवट कांहीं पाहिलें असें म्हणत नाहीं. ज्या शेतकऱ्याला पंढरपुरापर्यंत जाणें साधत नाहीं तो बेलवाडीपर्यंत येतो, रिंगण पाहतो, आणि पुरता होऊन घरीं परततो.

वाङ्मयांत तर याचा दाखला कऱ्हेच्या कांठींच आहे. बारामतीस राहून ज्यांनीं सबंध महाभारत आर्यांत उतरविलें त्या मोरोपंतांनींच रामकथा एकशें आठ वेळां निरनिराळ्या तऱ्हांनीं रचिली अशी प्रसिद्धि आहे. त्यांतलीं कांहीं रामायणें अगदीं लहान आहेत. एकांत ओष्ठ्य वर्ण येऊं द्यावयाचे नाहींत असा निर्बंध, दुसऱ्यांत ‘परंतु’ हीं अक्षरें गुंफावयाचीं असा निर्बंध. प्रत्येकाला नवी अट आणि त्या अटींत पुरी होणारी कथा. पंतांना विस्तार साधत नव्हता असें म्हणण्याची कोणाची छाती नाहीं. विस्तारावर ज्याची हुकमत आहे तोच लहान मापांत रमतो, आणि मापाच्या अडचणीस कसबाचें निमित्त करतो.

तेव्हां तासाभराच्या खेळाकडे हिणवून पाहण्याचें आपण सोडून द्यावें. मुलखांत वस्ती वाढेल, जमीन महाग होईल, आणि शाळांभोवतालची मोकळी जागा प्रथम दृष्टीस पडेल ती इमारत बांधणारांच्या. मोठें मैदान करावयास जागा नाहीं, या सबबीवर ती जागा सहज देऊन टाकली जाते. अशा वेळीं लीथला पांच खळगे होते आणि खो-खोला सवाचार गुंठे पुरतात, ही माहिती गांवच्या पंचांस असणें फार उपयोगाचें होईल. प्रत्येक गांवानें शाळेला लागून दहा गुंठे राखावेत, त्यांत दोन खांब रोवावेत, एक दिवा लावावा, आणि संध्याकाळचा एक तास फडांतून परतलेल्या पोरासोरांसाठीं व बायांसाठीं मोकळा ठेवावा. ज्याची पाळी रात्रीं दोनची असेल त्यालाहि त्या तासांत येऊन खेळतां येईल, आणि वेळेवर दारें धरावयास जातां येईल.